डाव्या टाचेतला खडा

नालबंदाला अपंगत्वाचा दाखला मिळाला. शिक्का गोल, सही वाकडी, कागद जाड. सगळं रीतसर झालं आणि गोष्ट इथंच संपली. ज्यांना घाई आहे त्यांनी आता निघायला हरकत नाही.

बाकीच्यांनी असं धरून चालावं की दाखलाबिखला काही मिळालेला नाही. नालबंदाच्या घरात सगळे तसंच धरून चालतात.

तर, दाखला नाही. ऊन मात्र आहे. गेल्या पावसाळ्यात पाऊस आला तो पत्ता विचारायला आल्यासारखा दारातून डोकावला आणि चुकलं वाटतं म्हणून निघून गेला. विहिरी आटल्या. लोकांनी जनावरं विकली, नाहीतर चारा असेल तिकडं हाकलली. गुरांच्या बाजाराच्या पटांगणात नुसते खुंटे उरले, आणि खुंट्यांना नाल मारायची पद्धत अजून आलेली नाही. त्यामुळं पटांगणाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये नालबंद बसून होता. हातोडा, पकड, कानस आणि दोर भिंतीवर टांगलेले. खाली नालबंद.

त्याचा उजवा खुबा मोडलेला होता. नाल मारायला बैल पाडताना दोर सुटला आणि बैलानं लाथ घातली. तो बैल पुढं चांगल्या भावानं गेला. नालबंदाला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तो घरीच राहिला. खुबा सांधला, पण जरा वाकडा. ही गोष्ट त्यानं घराबाहेर कुणाला कळू दिली नाही. जो स्वतः लंगडतो त्याच्याकडं आपला बैल कोण नेईल? शेडमध्ये त्यानं खांब, ऐरण आणि पाण्याची टाकी अशा बेतानं मांडली होती की कुठंही उभं राहिलं तरी हाताला आधार सापडावा. बघणाऱ्याला वाटायचं, माणूस ऐटीत टेकून उभा आहे.

घरात तिघं. नालबंद, नालबंदीण आणि सून. मुलगा ट्रकवर क्लीनर म्हणून गेला होता. ट्रक त्यानंतर दोनदा येऊन गेला, मुलगा नाही. सून तळ्यातला गाळ काढायला जायची. टंचाईचं धान्य आणि भत्ता मिळत होता त्यावर चूल चालली होती. मग नवा नियम आला. घरात धडधाकट पुरुष असेल तर त्यानंही गाळ उपसायला यायचं, नाहीतर मदत बंद. अपंग असेल तर दाखला आणायचा, म्हणजे त्याला गाळ माफ आणि अपंगांचं वेगळं मानधन सुरू.

त्या दाखल्याच्या कामाला एक बाई स्कूटरवरून फिरत होती. सगळे तिला मदतनीस बाई म्हणत. ती एका सकाळी शेडच्या दाराशी आली.

"काका आहेत का?"

"कोणाचे काका?" नालबंदिणीनं विचारलं.

बाई हसली आणि आत येऊन बसली. सुनेनं चहा आणला.

"नको काकू, आत्ताच झाला. काका, जरा उठून चालून दाखवता का?"

"मी बसलेला बरा."

"काही दुखतं का?"

"मला काही दुखत नाही."

"रात्री कण्हतात," सून आतून म्हणाली.

"ते स्वप्नात बैल येतो म्हणून," नालबंदीण म्हणाली.

नालबंदानं बाईकडं निरखून पाहिलं. "यात तुला काय मिळतं?"

"पगार."

"तो तर बसूनही मिळतो."

"बसून मिळाला असता तर या उन्हात आले असते का काका?"

अर्ज तिनंच भरला. कोणता पाय? सून म्हणाली, उजवा. नालबंदानं तोंड फिरवलं. अंगठा मात्र त्यानं दिला, कारण मदत बंद होण्याची भीती बाईच्या भीतीपेक्षा जुनी होती.

स्कूटरचा आवाज लांब गेल्यावर नालबंदीण म्हणाली, "आत्ताच चहा झाला म्हणे. कुणाकडं झाला? सकाळपासून या गल्लीत एकाही घरातून धूर निघालेला मी पाहिला नाही."

खाटेवर दलाल पडला होता. गुरांचा दलाल. बाजार बंद पडल्यापासून तो रोज शेडमध्ये येऊन पडायचा, सवय मोडू नये म्हणून. आता तो उठून बसला.

"बाजार समितीची पाटी वाचलीयत ना? ही जागा फक्त कार्यरत नालबंदासाठी. कार्यरत. एकदा का सरकारी कागदावर लंगडा असं पडलं की तुम्ही कार्यरत नाही. शेड गेली."

सगळ्यांना ते पटलं. ही माणसं भोळी नव्हती. लंगडा बैल विकायचा असला की हाच दलाल त्याला पहाटे इथं आणायचा आणि नालबंद बैलाच्या चांगल्या पायाच्या नालेखाली एक खडा ठेवून द्यायचा. मग बैल दोन्ही पायांवर सारखाच लंगडायचा, आणि सारखं लंगडण्याला बाजारात सरळ चालणं म्हणतात. फसवणूक आतून कशी शिवलेली असते हे या घराला ठाऊक होतं, आणि म्हणूनच बाईचं त्यांना काही केल्या कळेना. आपल्या मालाची स्तुती करत कुणी आलं तर समजतं. ही तर यांच्याच मालात खोट आहे म्हणत आली होती. खोट काढणारा माणूस घ्यायला आलेला असतो हे बाजारात शेंबडं पोरही सांगेल. प्रश्न एवढाच होता की ही घ्यायला काय आली आहे.

"शेड," दलाल म्हणाला.

"नाहीतर मूत्रपिंड," नालबंदीण म्हणाली. "काढतात म्हणे झोपवून."

"मामंजींचं कोण घेईल?" सून म्हणाली.

"का? काय वाईट आहे त्यांचं?" नालबंदिणीला राग आला.

शेवटी मधला मार्ग निघाला. दाखला घ्यायचा, पण खोट दाखवायची नाही.

तपासणीच्या दिवशी नालबंदीण अंधारातच उठली. साठवलेल्या पाण्यातली अर्धी बादली काढून तिनं नवऱ्याला न्हाऊ घातलं. गुडघ्यांना तेल चोळलं, नखं काढली, पाठ चोळून लाल केली. सून दारात उभी राहून बघत होती.

"आत्याबाई, शेपूट विंचरायची राहिली."

"गप्प बस. चार लोक बघणार आहेत त्यांना."

"अहो, पण त्यांनी नीट बघावं म्हणूनच तर नेतोय ना? विकायला नेतोय का आपण?"

कुणीतरी तपासणार म्हटल्यावर करायच्या गोष्टी सासूचे हात आपोआप करत होते. तिनं नवऱ्याची डावी वहाण उचलली, टाचेपाशी शिवण उसवली आणि त्याच्याकडं पाहिलं.

"केवढा घालू?"

"हरभऱ्याएवढा," नालबंद म्हणाला. "गाडीच्या बैलाला घालतो तेवढा."

तिनं खडा दोन कातड्यांच्या मध्ये ठेवला आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं दुहेरी टाके घालून शिवण बंद केली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात लांब रांग होती. फरशीवर कुणीतरी सांडलेलं औषध चिकट होऊन पसरलेलं, म्हणून वहाणा कुणीच काढल्या नाहीत आणि काढा असं कुणी म्हणालंही नाही. मदतनीस बाई रांगेत माणसं मागंपुढं सरकवत होती. नालबंदाची पाळी आली.

"चला त्या दारापर्यंत," डॉक्टर म्हणाले.

नालबंद चालला. उजवीकडं खुबा कळवळला, डावीकडं खडा टोचला आणि दोन्ही दुखणी मधोमध येऊन थांबली. लाथ बसल्यापासून इतका सरळ तो कधीच चालला नव्हता. दारापाशी वळतानासुद्धा झोकात वळला. रांगेतला एक कुबडीवाला "वा" म्हणाला.

"हा तर माझ्यापेक्षा बरा चालतो," डॉक्टर म्हणाले आणि स्वतःचा गुडघा चोळत त्यांनी लिहून टाकलं: धडधाकट.

बाईचं तोंड उघडंच राहिलं. "काका," ती हळूच म्हणाली, "हे काय केलंत?"

नालबंदीण मात्र व्हरांड्यातून ताठ मानेनं बाहेर पडली. घरी येईपर्यंत ती एकच गोष्ट सांगत होती. "एवढी शिकलेली माणसं, पण एकाला कळलं नाही. एकाला!"

आपण जिंकलो असं त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाटत होतं.

सकाळी तळ्यावर मुकादमानं नालबंदाचं नाव पुकारलं. त्याआधी सुनेच्या विनवणीवरून तो नालबंदाला अधूनमधून कुदळींना धार लावायला बसवायचा. आता त्यानं मान हलवली.

"डॉक्टरांनी धडधाकट लिहून दिलंय. तुम्हाला लंगडा म्हणणारा मी कोण? घ्या घमेलं."

तळं म्हणजे तडकलेल्या चिखलाची मोठी परात. मधोमध अजून ओला गाळ होता, काळा आणि चिकट, कुजक्या वासाचा. खालून घमेलं भरायचं, फळीवरून चढायचं, बांधावर ओतायचं आणि पुन्हा खाली उतरायचं. डोक्यावरून गाळाचं पाणी गळून मानेवर सुकायचं आणि मान वळवली की कातडी ओढली जायची. नालबंद चढताना श्वास धरायचा आणि वर पोचल्यावर सोडायचा. टेकायला इथं खांब नव्हता. ऐरण नव्हती. तो हात अधांतरी पुढं करायचा, काही सापडायचं नाही, मग घाम पुसायचाच होता असं दाखवून कपाळाला लावायचा.

फळीच्या तोंडाशी सून थांबायची आणि त्याच्या घमेल्यातला दोन ओंजळी गाळ आपल्या घमेल्यात ओढून घ्यायची.

"काढू नकोस. मुकादम बघतोय."

"बघू दे, मामंजी. सोनं नाही काढत."

एकदा तो फळीवरून घमेल्यासकट खाली आला. लोक हसले. वाईट हेतूनं नाही, हसायला बरेच दिवसांत काही झालं नव्हतं म्हणून.

"पाय घसरला," तो चिखलातून म्हणाला.

"कोणता?" मुकादमानं वरून विचारलं.

नालबंद घमेलं शोधायला लागला.

खडा अजून वहाणेतच होता. काढायचा तर दवाखान्यातून आल्या आल्याच काढायचा होता. पण दलालानं सांगितलं होतं, "आता मागावर माणूस पाठवतील. परवा सरळ चालला तो आज कसा चालतो ते बघायला. राहू दे खडा." आणि वहाणांचा दुसरा जोड घरात नव्हता. टाचेला आधी फोड आला, मग फोडाची जखम झाली, जखमेत गाळ गेला. नालबंद खुब्यासाठी डावीकडं झुकायचा, टाचेसाठी उजवीकडं, आणि संध्याकाळी घरी परतताना रस्त्याची दोन्ही बाजूंना तपासणी करत असल्यासारखा यायचा. पायातून वास यायला लागला तेव्हा सुनेनं काही न विचारता वहाण ओढून घेतली, विळीवर शिवण फाडली आणि खडा जमिनीवर टाकला. तो घासून गुळगुळीत झाला होता. टाच नव्हती झाली.

"उद्या मी त्या बाईंना सांगणार आहे," ती म्हणाली.

"सांगितलंस तर या घरात..." सासूनं वाक्य सुरू केलं. पण घरात राहिलं काय होतं, हे तिला लगेच सुचेना.

बाई आली. सुनेनं सगळं सांगितलं, खडा तिच्या हातावर ठेवला. बाईनं तो बोटांत फिरवून पाहिला. मग तिला हसू आलं आणि ते आवरेना. तिनं पदरानं डोळे पुसले, माफ करा म्हणाली, पुन्हा हसली. चहा पुढं आला तो तिनं प्यायला.

"आज प्यायली," नालबंदीण सुनेच्या कानात म्हणाली. "म्हणजे हिचं काम झालं."

"काका, फेरतपासणीचा अर्ज करते," बाई म्हणाली. "पण या वेळी खडा नाही, काही नाही. आणि शेडचं म्हणाल तर समितीत विचारून आले मी. ती पाटी कुणी लावली तेच तिथं कुणाला माहीत नाही."

"बाई, मला लंगडून दाखवता यायचं नाही. लाज वाटते."

"दाखवायचं नाहीच मुळी. फक्त लपवायचं नाही."

"तेच येत नाही," नालबंद म्हणाला.

तरीही ठरलं. आधीच्या रात्री तो शेडमध्ये एकटाच चालायचा सराव करत राहिला. खांब, टाकी, ऐरण, सगळ्यांपासून हात लांब ठेवून. नालबंदीण दाराआडून बघत होती. नवरा इतका वाकडा चालतो हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं. ती आत गेली आणि या वेळी बादलीला तिनं हात लावला नाही.

दवाखान्यात पायांची रांग एका बाजूला होती, कानांची दुसऱ्या बाजूला. कानांच्या बाकावर दलाल बसला होता.

"दलालभाऊ? तुम्ही इथं कसे?" नालबंदानं विचारलं.

"काय?"

"इथं कसे म्हटलं!"

"काय?"

"अहो, शेडमध्ये तर तुम्हाला सगळं ऐकू येतं!"

दलालानं त्याच्या ओठांकडं नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "इथं नाही येत."

मागाहून कळलं ते असं. त्याचे दोन्ही कान कधीच गेले होते. आयुष्यभराचे सौदे त्यानं ओठ बघून केले होते, आणि बहिऱ्या दलालाशी कोण सौदा करील म्हणून कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. मदतनीस बाई त्याच्याकडंच आधी गेली होती. त्या सकाळचा चहाही तिकडंच झाला होता. त्याचं मानधन पुढच्या महिन्यापासून सुरू झालं. बाई शेड लुबाडायला आलेली आहे हे सांगताना त्यानं स्वतःचा अर्ज केव्हाच दिला होता. नालबंदीण म्हणते, तो कट होता. सून म्हणते, तो घाबरला होता. खाटेवर तो अजूनही येऊन पडतो आणि या विषयावर त्याला काही ऐकू येत नाही.

गुडघेवाले डॉक्टर बदलून गेले होते. नवे तरुण होते आणि नीट बघणारे होते.

"वहाणा काढा. चला."

नालबंद चालला. लपवलं काहीच नाही. उजवा खुबा खाली बसायचा तसा बसला, पण डाव्या टाचेत पू होता, ती टेकवताच तो कळवळून डावीकडं कोसळला. डॉक्टरांनी त्याला धरलं, बाकावर बसवलं आणि डावा पाय उचलला.

"अरे बापरे. हा पाय केव्हापासून असा आहे?"

"साहेब, तो नाही, उजवा," बाई म्हणाली. "उजवा खुबा. अर्जात आहे बघा."

"अर्ज मलाही वाचता येतो बाई. पण समोर दिसतंय ते लिहू, की तुम्ही सांगाल ते?" तरी ते चांगले होते. त्यांनी उजव्या खुब्यावर अंगठा ठेवला आणि दाबला. "इथं दुखतं?"

डॉक्टर, नर्स, बाई, सून, रांगेतली माणसं, सगळे नालबंदाकडं बघत होते. अंगठा बरोबर त्या जागेवर होता. बाजारात घेणाऱ्याचा अंगठा असाच यायचा, खुरावर, सांध्यावर, दातांवर, आणि अशा वेळी काय म्हणायचं हे नालबंदाच्या तोंडाला त्याच्याआधी ठाऊक होतं.

"नाही," तो म्हणाला.

सुनेनं डोळे मिटले.

दाखला आला. अपंगत्व: डावा पाय. मुदत: एक वर्ष. सोबत टाचेसाठी मलमाची एक ट्यूब, फुकट.

मानधनाच्या कचेरीत कारकुनानं अर्ज आणि दाखला शेजारी शेजारी ठेवले.

"अर्जात उजवा, दाखल्यात डावा. दोघांपैकी एक बदलून आणा."

"अर्ज बदलते," बाई म्हणाली.

"अर्ज बदलायची मुदत गेली."

"मग दाखला."

"फेरतपासणी एकदाच. आता वर्षानं."

"मग बदलायचं तरी काय?"

कारकून टेबलाच्या कडेवरून वाकला आणि त्यानं नालबंदाच्या पायांकडं पाहिलं. मग पुन्हा ताठ बसला. सरकार याहून पुढं जाऊ शकत नव्हतं.

मुकादमानंही दाखला उलटसुलट करून वाचला. "मानधन सुरू झाल्याचा कागद आणा, मग गाळ माफ. तोवर हा कागद घरी ठेवा, चिखल लागेल." नालबंद फळीवर चढला. मलम चांगलं निघालं, टाच भरून येऊ लागली. म्हणजे दाखल्यात लिहिलेलं तेवढं बरं होत होतं आणि न लिहिलेलं रोज वर चढत होतं. कोनाड्यात खडा ठेवलेला होता. एका सकाळी नालबंदीण तो हातात घेऊन नवऱ्यासमोर उभी राहिली.

"घालू का? वर्षानं तपासायला आले आणि डावा पाय बरा निघाला तर?"

नालबंदानं डावी वहाण काढून तिच्यापुढं केली. मधल्यामध्ये सुनेनं खडा उचलला, पदराच्या टोकाला बांधला आणि तळ्यावर गेल्यावर गाळाबरोबर बांधापलीकडं ओतून टाकला. सासू तिच्याशी त्या दिवशी बोलली नाही. संध्याकाळी मात्र अर्धी बादली पाणी काढून तिनं सुनेची मान धुतली, जोर लावून, गाळाचा थर निघेपर्यंत.

त्यानंतर नालबंदानं मदतनीस बाईला बोलावून घेतलं आणि सांगत गेला तसं तिनं लिहिलं. ती मध्ये दोनदा म्हणाली, काका, असं लिहीत नाहीत. तो म्हणाला, तू लिही.

"मेहेरबान साहेबांच्या सेवेशी. अर्जदार धंद्यानं नालबंद असून त्याचा उजवा खुबा निकामी आहे. डाव्या पायाचं दुखणं घरगुती असून ते सरकारदप्तरी चुकून जमा झालं आहे, ते अर्जदारास परत मिळावं, अथवा उजव्या बाजूस वर्ग करण्यात यावं. खुबा दुखतो का असं विचारलं असता अर्जदारानं नाही असं सांगितलं ते खोटं आहे. परंतु समोर माणसं उभी असता अर्जदारास खरं सांगता येत नाही, व या वयात ते शिकणं होणार नाही. तरी नम्र विनंती की, अर्जदाराची पुढील तपासणी सक्षम अधिकाऱ्यांमार्फत, दिवसाउजेडी, अर्जदाराकडं कोणीही पाहत नसताना करण्यात यावी, व तसा अहवाल सादर व्हावा. कळावे."